अक्षरानुक्रमाने लावलेली पेटी

४ मार्च

लाडके ठिणगी,

आशीर्वाद आहेतच, ते पानभर लिहीत बसत नाही. सांगायचं पुष्कळ आहे आणि तुझ्या बेटावर टपाल नेणारी बोट आठवड्यातून एकदाच सुटते.

आधी तुझ्या काकांचं. दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात अजून जड आहे, पण धरून धरून चालतात. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. ज्या माणसाला मी जन्मभर "अहो, जरा गप्प बसा" म्हणत आले, त्यांच्याकडे आता एकच शब्द उरलाय: "थांब". चहा हवाय, थांब. खिडकी लाव, थांब. हसू आलं तरी थांब. मी कधीकधी न्हाणीघरात जाऊन रडून घेते आणि तोंड धुऊन बाहेर येते.

त्यांना बोलायला शिकवायला एक बाई येतात. त्या म्हणाल्या, माणसाने आयुष्यात जे सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं असतं ते आधी परत येतं. त्यांचाच आवाज त्यांना रोज ऐकवा. पण वेळ घालवू नका, यायचं असतं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, नंतर फार जड जातं.

मग काय, मला त्यांचा टीव्हीवरचा दुरुस्तीचा कार्यक्रम आठवला. दर आठवड्याला लोकांच्या छत्र्या, इस्त्र्या, पंखे उघडून बसायचे आणि शेवटी बोट उगारून सांगायचे, "उघडायला घाबरायचं नाही, बंद करायला विसरायचं नाही." रस्त्यात पोरं त्यांना हेच वाक्य ऐकवायची. ती वाहिनी बुडाली, तिच्या टेपा कुठे गेल्या देव जाणे. सगळे भाग आहेत ते फक्त आपल्या घरच्या रेकॉर्डरमध्ये, तू उघडून, आत मोठी डिस्क बसवून वाढवलेल्या त्या पेटीत. तीसुद्धा तुझ्या कृपेने प्रत्येक भागाचं शेपूट कापते. जाहिराती गाळायच्या म्हणून तू काय करून ठेवलंस कोण जाणे, नेमकं "उघडायला घाबरायचं नाही" इथे पेटी तोंड मिटते. पुढचं अर्धं वाक्य पेटीतून आजवर कधी ऐकलेलं नाही.

तर ती पेटी आता बंद पडली आहे. सुरू केली की पडद्यावर "कृपया थांबा" येतं, मग काळोख, मग पुन्हा "कृपया थांबा". घरात थांब म्हणणारे आता दोघे झाले.

वीज कमीजास्त झाली असेल. कोपऱ्यावरचा टीव्हीवाला म्हणतो, वीस-बावीस तारखेला येऊन सगळं पुसून पेटी नव्याने तयार करून देतो. त्याला हो म्हणू का?

तुझी काकू

१५ मार्च

काकू,

नको, नको, नको! टीव्हीवाल्याला हो म्हणू नकोस. हे पत्र हातात धरूनच उठ आणि पेटीची वायर भिंतीतून काढ. काढलीस? आता बसून पुढचं वाच.

पेटी नव्याने तयार करणं म्हणजे त्यातलं सगळं पुसणं. काकांच्या कार्यक्रमासकट. पडद्यावर तसं विचारणारं बटण आलं तर त्याकडे बघूसुद्धा नकोस. डिस्क काढून दुसऱ्या पेटीत घालता येईल असंही नाही, कारण हे कार्यक्रम फक्त याच पेटीला वाचता येतात. त्यामुळे हिलाच उठवायचं.

वीज कमीजास्त होऊन असं होत नाही गं. पेटी जागी झाली की मी लिहिलेली एक फाइल वाचते, वरून खाली, एकेक ओळ. त्या फाइलमध्ये कोणीतरी हात घातलाय. तो टीव्हीवालाच असणार, त्याच्या हातात पकड दिसली की मला धडकी भरायची. त्याने नेमकं काय बदललं ते विचारून कळव. रागावू नकोस, गोड बोलून काढून घे.

मला येता आलं असतं तर पोहत आले असते. पण हवामान केंद्रात माझ्या जागी दुसरं कोणी यायला पावसाळा उजाडेल, इथला रेडिओ फक्त आकडे पाठवायला आहे आणि फोन वाऱ्याने पडलाय तो पडलाच आहे. मी सकाळ-संध्याकाळ वाऱ्याचा वेग मोजते आणि काकांचा विचार करते. लहानपणी मी प्लगमध्ये हेअरपिन खुपसली तेव्हा सगळं घर ओरडलं, आणि काकांनी मात्र प्लग उघडून आत काय असतं ते दाखवलं. ठिणगी हे नावही त्यांचंच. तो माणूस गप्प बसलाय हे माझ्या डोळ्यांसमोर येतच नाही.

डिस्क शाबूत असेल. काळजी करू नकोस. पेटी उठेल.

ठिणगी

२३ मार्च

ठिणगी,

वायर काढली. टीव्हीवाल्याला चहा पाजून परत पाठवला. त्याच्यावरचा आळ मागे घे, बिचाऱ्याने पेटीला बोटही लावलेलं नाही.

मी लावलं.

मला ते पुढचं अर्धं वाक्य हवं होतं. बाई म्हणाल्या ना, सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं आधी परत येतं. किती शेपूट कापायचं याचा आत कुठेतरी आकडा असणार, तो बदलावा म्हणून तू कॉम्प्युटरवर करून ठेवलेल्या वाटेने मी तुझी फाइल उघडली. आकडा काही सापडेना. आणि सापडणार कसा? इथली ओळ तिथे, तिथली इथे, वरची खाली. ग्रंथालयात माझ्या हाताखालच्या कुणी कार्डं अशी लावली असती तर मी त्याला उन्हात उभा केला असता. म्हणून मी आधी सगळ्या ओळी नीट अक्षरानुक्रमाने लावल्या. अर्ध्या तासात फाइल अशी देखणी झाली म्हणून सांगू! आकडा सापडला नाही तो नाहीच, पण समाधान वाटलं. पेटी बंद करून सुरू केली आणि तेव्हापासून हे चाललंय.

आणखी एक. सगळ्यात वर तू लिहिलं होतंस, "याच क्रमाने चालते, कोणी हात लावू नये." तीही ओळ मी वाचली. मराठी अक्षरं इंग्रजीनंतर, म्हणून शेवटी नेऊन ठेवली.

हसायचं तेवढं हसून घे. करायला गेले काय आणि झालं काय. पण हसून झालं की मला सांग काय करायचं. पेटी मी बिघडवली, मीच दुरुस्त करणार. टीव्हीवाल्याकडे दे, शेजाऱ्याला बोलाव असलं काही सुचवू नकोस. बाईंनी परवा पुन्हा विचारलं, आवाज मिळाला का म्हणून. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करता आली नाही.

काकू

३ एप्रिल

काकू,

हसले. आमच्या स्वयंपाक्याने येऊन विचारलं, बरी आहेस ना. "हात लावू नये" ही ओळ शेवटी नेऊन लावणारी सगळ्या जगात तू एकटीच असशील.

आता ऐक. त्या ओळी म्हणजे कार्डं नाहीत, हुकूम आहेत. आधी मोठी डिस्क जोडायची, मग कार्यक्रम दाखवणारा रेकॉर्डर सुरू करायचा. तुझ्या क्रमात रेकॉर्डर आधी उठतो, कार्यक्रम शोधतो, सापडत नाहीत म्हणून घाबरून सगळं बंद करतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

तुला सांगणार होते की कोणाला तरी बोलाव. पण तू आधीच डोळे वटारलेस, तेव्हा उंटावरून शेळ्या हाकायला बसते.

पेटी इतकी अडलीये की नेहमीच्या वाटेने फाइल उघडणार नाही. झाकण उघडावं लागेल. काकांच्या टेबलाच्या खणात चांदणीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर आहे. आत दोन डिस्क दिसतील, त्यातली लहान बाहेर काढ. तिला लागलेल्या चपट्या पट्टीची लाल कड कुठल्या बाजूला आहे ते आधी नीट बघून ठेव. ती डिस्क टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरला तशाच पट्टीने जोड. त्याच खणात माझ्या अक्षरातली एक सीडी आहे, ती आत घाल आणि मगच कॉम्प्युटर सुरू कर.

काकू, पुढचं वाक्य दोनदा वाच. कॉम्प्युटर सीडीवरूनच उठला पाहिजे. तो आपला आपण उठला तर या डिस्कला नवी, कोरी समजून तिच्यावर स्वतःचा शिक्का मारेल, आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही. त्याचा निळा पडदा दिसायला लागला की वायर खेच.

सीडीवरून उठल्यावर फाइल कशी उघडायची ते मागच्या पानावर लिहिलंय. ओळींचा क्रमही दिलाय, फक्त मधल्या तीन ओळी मला नक्की आठवत नाहीत. एक मोठ्या डिस्कला जागं करते, एक थोडं थांबवते, एक तिला पेटीशी जोडते. कशानंतर काय, यात माझा गोंधळ होतोय. फाइल उघडलीस की त्या तीन ओळी जशाच्या तशा लिहून पाठव, मी शांतपणे विचार करून क्रम कळवते. तोवर पेटी सुरू करू नकोस.

होईल सगळं. तू काकांची बायको आहेस.

ठिणगी

१४ एप्रिल

ठिणगी,

झाकण उघडलं. स्क्रू बशीत काढून ठेवले, ज्या कोपऱ्यातला त्या कोपऱ्यात. आत इतकी धूळ होती की तुझ्या नावाने बोटं मोडत आधी ती झाडली.

तुझ्या काकांना शेजारी खुर्चीत बसवलं होतं. म्हटलं, बघा तरी, तुमच्या टेबलावर बायको काय करतेय. मी स्क्रूड्रायव्हर उचलला, "थांब". डिस्क काढली, "थांब". पट्टीची लाल कड बघत होते, "थांब". शेवटी मी म्हटलं, "अहो, पुरे आता. ठिणगीने सगळं लिहून दिलंय." आणि सीडी घालून कॉम्प्युटर सुरू केला.

"थांब!"

मी लक्ष दिलं नाही. मी चष्मा पुसत होते. त्यांनी डाव्या हाताने टेबलावर अशी थाप मारली की बशी उडाली. मी दचकून पाहिलं तर पडदा निळा व्हायला लागलेला! सीडीचा खण मी पुरता आत ढकललाच नव्हता. मी वायर शोधेपर्यंत ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि डाव्या हाताने ती भिंतीतून ओढून काढली. मग दोघंही धापा टाकत बसलो. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, या वेळी त्यांच्यासमोरच.

ठिणगी, महिनाभर मला वाटत होतं की त्यांच्या तोंडात तेवढाच शब्द अडकलाय आणि त्याला काही अर्थ नाही. मी त्याला खोकल्यासारखं धरत होते. किती वेळा त्यांना खरंच काही थांबवायचं असेल आणि मी पुढे निघून गेले असेन. आता मात्र ते थांब म्हणाले की मी थांबते. काय हवंय ते डोळ्यांवरून ओळखते, चुकलं तर ते मान हलवतात. वेळ लागतो, पण लागू दे.

दुसऱ्या खेपेला सीडीवरून उठला. शिक्का मारून झाला होता की नाही, मला कळायला मार्ग नाही. पण डिस्क दिसली आणि तुझी फाइलही उघडली.

तुझ्या यादीप्रमाणे ओळी हलवल्या. राहिल्या त्या तीन. तुला लिहून पाठवायच्या होत्या, पण वादळामुळे मागची बोट सुटली नाही आणि ही सुटली तरी तुझं उत्तर यायला तीन आठवडे जाणार. बाईंच्या तोंडाकडे पाहून मला कळतंय की तेवढा वेळ आमच्याकडे नाही. तेव्हा क्रम मीच ठरवला.

कसा, सांगते. रोज सकाळी मी ह्यांना उठवते. उठवलं की लगेच उभं करून चालत नाही, चक्कर येते. आधी जागं करायचं, मग पलंगाच्या कडेला थोडं बसू द्यायचं, मग हात धरून उभं करायचं. आधी जागं कर, मग थोडं थांब, मग जोड. डिस्क झाली म्हणून काय झालं, तिलाही उठायला वेळ लागतच असेल. ह्यांना विचारलं, "बरोबर ना?" थांब न म्हणता त्यांनी मान डोलावली.

फाइल लिहिली, डिस्क परत पेटीत घातली, लाल कड जिथे होती तिथेच. पेटी अजून सुरू केलेली नाही. आज बोट आहे, म्हणून आधी हे पत्र टाकून येते आणि मग सुरू करते. तू नको म्हणाली होतीस हे मला ठाऊक आहे. चुकले तर माझी मी बघेन. आणि शेपूट कापणारा तो आकडा कुठे लपवलायस, तेवढं लिहून पाठव.

काकू

२५ एप्रिल

काकू,

पत्र आलं तेव्हा तू केव्हाच पेटी सुरू करून बसली असशील. क्रम बरोबर आहे. वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला, इतकं साधं मला आठवू नये!

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. डिस्क शाबूत असेल असं मी पहिल्याच पत्रात ठामपणे लिहिलं. ते मला माहीत नव्हतं. पेटी दरवेळी अर्धवट उठून पडत होती, तेव्हा तिने काही कार्यक्रम हरवले असं समजून आपल्या यादीतून काढून टाकले असतील. किती ते सांगता येत नाही. थोडे, अर्धे, सगळेही असतील. तुला तेव्हाच सांगितलं असतं तर तू खचली असतीस असं मला वाटलं. निळा पडदा, वायर, थाप हे सगळं वाचल्यावर कळलं की तू खचणाऱ्यातली नाहीस, मी आहे. इथे रात्रंदिवस वाऱ्याचा आवाज असतो आणि त्यात मी काकांचा आवाज आठवायचा प्रयत्न करते. तो पुसट होत चाललाय. मला भीती वाटते, काकू.

पेटी उठली असेल आणि एक जरी भाग उरला असेल, तर शेपूट कापणारा आकडा कसा बदलायचा ते सोबतच्या कागदावर लिहिलंय. तो तू लावलेल्या फाइलमध्ये नव्हताच, दुसऱ्याच फाइलमध्ये आहे. एकच ओळ आहे, "कापायचे सेकंद" असं मराठीतच लिहिलंय तिच्यापुढे. तिथे शून्य घाल. म्हणजे पूर्ण वाक्य ऐकू येईल. बाकी कशालाही हात लावू नकोस, मग ते कितीही वेडंवाकडं दिसो!

लवकर लिही.

ठिणगी

६ मे

लाडके ठिणगी,

तुझा कागद मिळाला. तो आकडा मी बदलणार नाही. का ते सांगते, पण क्रमाने सांगते, क्रमाचं महत्त्व आता मला कळलंय.

टपाल टाकून आले आणि पेटीची वायर लावली. "कृपया थांबा" आलं. आम्ही थांबलो. काळोख झाला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर यादी पडद्यावर! उड्या मारायचं वय असतं तर मारल्या असत्या.

यादी मात्र फाटकी होती. तुझा अंदाज खरा ठरला. पंख्याचे भाग गेले, इस्त्रीचे गेले, घड्याळांचे सगळे गेले. राहिले मोजून थोडे, आणि त्यातला एकच धड सुरुवातीपासून आहे, तो छत्रीचा. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मी बिघडवलं ते पुरतं सुधारलं नाही, आणि जे गेलं ते माझ्यामुळे गेलं. पण रडत बसले असते तर उरलेलंही वाया गेलं असतं.

मग आमचा छत्रीचा पाठ सुरू झाला. रोज सकाळी बाई आल्या की लावायचा, त्या गेल्या की पुन्हा लावायचा. पडद्यावर तुझे काका काड्या सरळ करताहेत, बडबड बडबड करताहेत, आणि खुर्चीतले काका गप्प बसून बघताहेत. शेवटी "उघडायला घाबरायचं नाही" म्हणून पेटी तोंड मिटायची आणि खोलीत शांतता पसरायची. किती तरी दिवस असंच. बाई म्हणायच्या, धीर धरा. मला त्या शांततेचा इतका राग यायचा! तुझ्या कागदाची वाट बघत होते की येऊ दे तो आकडा, शून्य करते आणि पूर्ण वाक्य ऐकवते ह्यांना. त्यासाठी पुन्हा आत शिरावं लागेल म्हणून पेटीचं झाकणही लावलं नव्हतं. स्क्रू बशीत तसेच पडून होते.

परवा तुझं पत्र आलं. मी चष्मा लावून कागद वाचत बसले होते, छत्रीचा भाग आपला चालू होता. शेवट आला. पडद्यावरच्यांनी बोट उगारलं, "उघडायला घाबरायचं नाही" म्हणाले आणि पेटी मिटली.

आणि माझ्या मागून आवाज आला. खरखरीत, अडखळत, एकेक शब्द ओढून आणल्यासारखा.

"बंद... करायला... विसरायचं नाही."

मी वळायला घाबरले. वाटलं, वळले तर मोडेल. शेवटी वळले. ते माझ्याकडे बघत होते. आता कळलं ना, आकडा का बदलणार नाही? पेटीने ते अर्धं वाक्य पुरं केलं असतं, तर त्यांना करायला काय उरलं असतं? तू कापून ठेवलेली जागा त्यांनी भरली, ठिणगी. तसंच राहू दे ते.

बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, फार छान, पण असं पाठ झालेलं वाक्य आपोआप तोंडातून येतं, त्याचा अर्थ त्यांना कळलाच असेल असं नाही, एवढ्यात फार आशा धरू नका. त्या शिकलेल्या आहेत, चांगल्या आहेत, त्यांचं त्या सांगणारच. पण त्या तेव्हा खोलीत नव्हत्या.

वाक्य संपल्यावर ह्यांचं बोट तसंच उगारलेलं होतं. मला वाटलं, माझ्याकडे दाखवताहेत. पण ते माझ्या पलीकडे दाखवत होते, उघड्या पेटीकडे. मी उठत नाही असं बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि बशी माझ्याकडे सरकवली.

मग मी झाकण लावलं. त्यांनी डाव्या हाताने एकेक स्क्रू उचलून मला दिला.

तुझी काकू